शिलाई मशीनच्या टेबलावरची गाडी

(दृश्य : पुण्यातली जुनी सोसायटी, दुसरा मजला. पॅसेजमध्ये खिडकीखाली पायडलचं शिलाई मशीन. संध्याकाळ.)

आधी चाकावरचा चामडी पट्टा उतरवायचा. मग मशीन मागे कलतं करून टेबलाच्या पोटात अलगद सोडायचं, वर फळी टाकायची. फळीवर रबरी चटई, चटईवर काठाचं स्टीलचं ताट. साडेसात वाजलेत. पावणेनऊला पानं घेतली जातील. मधला सव्वा तास हे टेबल गाडीचं.

गाडी म्हणजे हातातल्या रिमोटच्या रेडिओ लहरींवर चालणारी बग्गी (घोड्याची नव्हे, खडबडीत रानात पळणारी उघडी मोटारगाडी), खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. नाकापासून शेपटीपर्यंत ४० सेंटीमीटरच्या आसपास. मशीनच्या फळीवर ती अशी बसते, की टेबल तिच्यासाठीच केलंय असं वाटावं. टेबल खरं तर तिच्या मालकाच्या आजीचं. आता त्यावर आई ब्लाउज शिवते. लेक नोकरीवरून येतो, चहा घेतो आणि मशीन पोटात घालतो. 'माझं नाव नका घेऊ, ऑफिसात चिडवतील,' असं तो म्हणाला, म्हणून घेत नाही.

रिमोटची गाडी म्हटलं की आपल्याला दिवाळीत आणलेली आणि भाऊबीजेला बंद पडलेली गाडी आठवते. ती उघडता येत नाही, उघडली तर मिटत नाही. ही जात वेगळी. हिचा एकेक स्क्रू निघतो, एकेक भाग सुटा विकत मिळतो. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ साली एक बारांश मापाची पोर्शे ९३४ बाजारात आणली, तीही सुट्या भागांच्या खोक्यात. गाडी आपण जोडायची. हा छंद तिथून घरात शिरला, आणि घरात शिरला म्हणजे त्याला जागा हवी झाली.

(दृश्य : फोनवर परदेशी गॅरेजचा व्हिडिओ. भिंतभर टांगलेली हत्यारं.)

या छंदाचे व्हिडिओ बघाल तर सगळीकडे अशी गॅरेजं दिसतील. भिंतभर हत्यारं, मध्ये ओट्याएवढं टेबल, वर चार-चार दिवे. बघायला छान. पण मला ते फसवं वाटतं. ते पाहून आपला माणूस म्हणतो, 'पुढचं घर मोठं घेऊ, मग करू.' आणि खोकं माळ्यावर जातं. दोन खोल्यांच्या घरात जागा मिळत नसते, वेळ मिळतो. जागा रोज मांडायची आणि रोज आवरायची.

त्यामुळे इथे सगळं उचलतं ठेवलंय. हत्यारांचा एक डबा. त्यात तीन मापांचे षटकोनी पाने : दीड, दोन आणि अडीच मिलिमीटर. तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या ॲलन बोल्टला अडीचचा पाना, घुमटी डोक्याच्या बोल्टला दोनचा, आणि बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला दीडचा. ऐंशी टक्के गाडी एवढ्यात खुलते. पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवावेत, या तिघांत नाही. हलक्या पोलादाचा पाना आधी स्वतः झिजतो, मग बोल्टचं भोक गोल करतो. मग तो बोल्ट काढायला ड्रिल लावावं लागतं आणि संध्याकाळ तिथेच संपते. यानं पहिला संच घेतला, त्यात इंचाचे पाने मिसळलेले होते. तीन बत्तीसांश इंच म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटर. अडीचच्या भोकात जातो, थोडा हलतो, आणि तेवढं हलणंच पुरतं.

फुलीच्या स्क्रूची गोष्ट आणखी जुनी. यामाहा आरएक्स १०० ज्यांनी ठेवली असेल त्यांनी आठवून बघा. कार्बोरेटरखालच्या वाटीचे चार स्क्रू, चारही चावल्यासारखे झालेले. जपानी फुलीचं माप वेगळं असतं. त्यात आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस पुरता बसत नाही. जोर दिला की वर सरकतो आणि फुली खरवडतो. जपानी किटमधले स्क्रू त्याच मापाचे. म्हणून डब्यात एक जपानी मापाचा पेचकस आहे. मुठीवर लाल दोरा गुंडाळलाय. दोरा अर्थात आईच्या रिळाचा.

(दृश्य : ताट जवळून. स्क्रूंच्या रांगा.)

ताट हे या टेबलावरचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. कारण खाली बघा.

(दृश्य : कॅमेरा फरशीवर.)

मोझॅक. पांढऱ्यात काळे, तपकिरी, करडे ठिपके. दोन मिलिमीटरचा स्क्रू या फरशीवर पडला की दिसेनासा होतो. डोळे फाडून उपयोग नाही. दिवा मालवायचा, टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरायची. ठिपक्याला सावली नसते, स्क्रूला असते. नाहीच दिसला, तर जुन्या बाजारातून आणलेलं स्पीकरचं लोहचुंबक मोज्यात घालून फिरवायचं. स्टेनलेसचा स्क्रू मात्र चुंबकाला सहसा दाद देत नाही. तेव्हा पुन्हा टॉर्च.

सगळ्यात वाह्यात वस्तू म्हणजे ई-क्लिप. उडदाच्या दाण्याएवढी, दांड्याच्या खाचेत बसणारी. काढताना 'टिक्' असा आवाज येतो आणि संपलं. यावर उपाय असा, की हात आणि भाग दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून ती काढायची. उडली तर पिशवीत उडते. हा उपाय याला तीन क्लिपा गेल्यावर सुचला.

ताटात भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडायचे, आणि जोडताना उजवीकडून सुरुवात करायची. याची पहिली गाडी तामियाची ग्रासहॉपर. १९८४ ची रचना, २००५ मध्ये कंपनीनं पुन्हा काढलेली. तिच्या माहितीपुस्तिकेत स्क्रूंची चित्रं खऱ्या मापाची छापलेली आहेत. हातातला स्क्रू चित्रावर ठेवायचा, लांबी जुळली की तोच. आठ आणि दहा मिलिमीटरमधला फरक डोळ्यांनी कळत नाही. दहाचा आठच्या जागी गेला की पलीकडून टोक बाहेर येतं, किंवा प्लॅस्टिक फुटतं.

(दृश्य : आई खुर्ची घेऊन येऊन बसते.)

आज गाडीचं मोठं काम आहे : मोटर बदलायची. नवी मोटर ३३०० केव्हीची. वीज मंडळवाल्यांनी दचकू नये. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे तो आकडा. ७.४ व्होल्टची बॅटरी जोडली तर बिनओझ्याची मोटर मिनिटाला २४,००० च्या वर फेरे घेईल. या वेगाला आवरायला मोटरच्या दांड्यावर छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आणि ते ज्याला फिरवतं तो मोठा स्पर गिअर. हिच्यात पिनियन २२ दातांचं, स्पर ८७ दातांचा. मशीनचं नेमकं उलटं : तिथे खालचं मोठं चाक वरच्या छोट्या चाकाला पळवतं.

दोन गिअरांमध्ये फट किती ठेवायची, हा या कामातला सगळा कस. फार घट्ट ठेवली तर मोटर तापते, सैल ठेवली तर पहिल्या दगडावर स्परचे दात सोलून निघतात. माप नाही, कागद आहे. वहीच्या पानाची पट्टी दोन्ही गिअरांमध्ये घालायची, मोटर दाबून धरून बोल्ट आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर चुण्या पडल्या पाहिजेत, कागद फाटता कामा नये.

आईनं पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली. 'डावीकडे जास्त दाबलंय.' बघितलं तर खरंच, एका कडेला कागद कातरला होता. मोटर वाकडी बसली होती.

'तुम्हाला कसं कळलं?' मी विचारलं.

त्या उठल्या, मशीनच्या खणातून बॉबिनची डबी काढली. दोऱ्याला धरून डबी लटकवली. ती जागची हलली नाही. मनगटाला किंचित हिसका दिला, डबी बोटभर खाली उतरली आणि थांबली. 'सरसर खाली गेली तर टीप सैल येते, गेलीच नाही तर दोरा तुटतो. यालाही माप नसतं.'

लेक बोल्ट सैल करून पुन्हा पट्टी घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब. थरथरीनं सुटू नये म्हणून. धातू धातूत जातो तिथेच हे लावायचं. प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिकं तडकतात.

मग डाख. मोटरच्या जाड तारांना २५ वॉटची कावळ्याच्या चोचीसारखी सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. तार सगळी उष्णता पिऊन टाकते आणि डाख वरवर चिकटतो. बाहेरून चकाकी नसलेला, दाणेदार सांधा दिसला की समजावं, आत पकड नाही. ६० वॉटची लागते. ती बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळाली. कनेक्टर पकडायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. आणि सोल्डर करण्याआधी तारेवर स्लीव्ह, म्हणजे सांधा झाकणारी नळी, चढवायची. या वाक्यावर तो हसला. चढवायची राहतेच. डाख झकास बसतो, आणि स्लीव्ह टेबलावर तशीच पडलेली असते.

गाडी सुरू करतानाही एक शिस्त आहे. आधी हातातला ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. हे चुकलं तर गाडी मालकाविना जागी होते. टेबलावर गाडी कायम पालथ्या डब्यावर ठेवलेली असते, चाकं अधांतरी. एकदा नव्हती. त्या दिवशी ती सरळ टेबलावरून निघाली आणि समोरच्या दाराला जाऊन आदळली. दारावरचा ओरखडा अजून आहे. 'पाहुण्यांना काय सांगता?' 'मांजर.'

(दृश्य : दोन कात्र्या, दोन खिळ्यांवर.)

या दोन खिळ्यांमागे एक मोठं भांडण आहे. बग्गीची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची येते. रंग आतून द्यायचा असतो, म्हणून सगळा क्रम उलटा : बारीक पट्टे आधी, मुख्य रंग शेवटी, आणि बाहेरची संरक्षक फिल्म अगदी अखेरीला सोलायची. रंगही पॉलिकार्बोनेटचाच लागतो, दुसरा दिला तर पोपडे निघतात. हे सगळं त्यानं बरोबर केलं. फक्त बॉडी कापायला समोर दिसली ती कात्री घेतली.

'कापडाच्या कात्रीनं मी कागदसुद्धा कापत नाही, आणि तू प्लॅस्टिक कापलंस?'

आठ दिवस टेबल मिळालं नाही. मग वाकड्या पात्याची वेगळी कात्री आली, आणि वेगळा खिळा.

(दृश्य : गॅलरी. कोपऱ्यात कडाप्पाचा तुकडा, त्यावर मातीची कुंडी.)

सगळं उचलतं आहे असं म्हणालो, पण एक गोष्ट नाही. बॅटरी.

लिथियम पॉलिमरची, दोन सेलची. भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर. तीनच्या खाली उतरू द्यायची नाही, ठेवून द्यायची तर ३.८ वर. ५००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला ५ ॲम्पिअरनं चार्ज, त्याहून घाई नको, आणि दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच हवा. फुगली, ठेचली किंवा जास्त भरली गेली, तर ती पेटू शकते, आणि पेटली की आतल्या आत पेटत राहते. १ एप्रिल २०१६ पासून अशा सुट्या बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली चालत नाही. विमानवाले एवढं घाबरतात ती वस्तू आपण गादीवर चार्जिंगला लावून झोपतो. माझ्या मते या छंदात बाकी सगळ्या चुका माफ आहेत, ही नाही.

म्हणून गॅलरीत, पडद्यांपासून आणि कपड्यांच्या दोरीपासून लांब, स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हा उरलेला कडाप्पाचा तुकडा. त्यावर तुळशीची जुनी कुंडी, कुंडीत बॅटरी, चार्जर बाहेर. शेजारी कोरड्या वाळूची बादली. वाळूनं ती विझत नाही, फक्त आग पसरत नाही. काही जण लोखंडी पेटी वापरतात. मात्र पेटी घट्ट बंद असली तर वायू कोंडून तिचाच बॉम्ब होतो. चार्जिंग चालू असताना घरातलं कोणीतरी जागं आणि गॅलरीच्या हाकेच्या अंतरावर. हा नियम आईनं केलेला आहे.

(दृश्य : घड्याळ. आठ वाजून पस्तीस मिनिटं.)

मोटर बसली. आता शेवटचं काम, बेअरिंग. पाच मिलिमीटर भोकाचं, अकरा मिलिमीटर बाहेरचं. मागच्या महिन्यात गाडी गुहागरला नेली होती. किनाऱ्यावर वीस मिनिटं पळाली, त्याची फेड अजून चालू आहे. खारी वाळू बेअरिंगला एका रात्रीत गंज देते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतलं, वाळवलं, बोटावर फिरवून पाहिलं. कुरकुरलं नाही. त्यानं न बघता उजवीकडे हात पुढे केला, आईनं खणातली मशीनच्या तेलाची कुपी त्यात दिली. एक थेंब.

चटई गुंडाळली. ताट धुवायला गेलं. फळी उचलून मशीन वर घेतलं, पट्टा चाकावर चढवला. उद्या शेजारच्या मुलीचं केळवण आहे, दोन ब्लाउज व्हायचे राहिलेत, तेव्हा उद्या टेबल मिळणार नाही.

आईनं मशीनच्या भोकात तेल सोडलं, हातानं चाक दोनदा फिरवलं, कान देऊन ऐकलं. मग कुपी उजेडाकडे धरली.

'संपत आलंय. बोहरी आळीत गेलास तर मोठी बाटली आण. तुझ्या गाड्या फार पितात.'