दुपारच्या उन्हावर रिक्षा

(दृश्य : सकाळ. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर रिक्षांची रांग.)

दिवसाला १०० किलोमीटर फिरणारी रिक्षा लिटरला २८ किलोमीटर देत असेल, तर तिला साडेतीन लिटर पेट्रोल लागतं. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रिक्षामागे रोज आठ किलो.

विजेवरची रिक्षा तेवढंच अंतर, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण ८ युनिटांत कापते. महाद्वार रोडच्या गर्दीत उभ्या माणसाला धूर लागत नाही, हे मोठंच काम. पण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. युनिटमागे ०.७ किलो धरले तर साडेपाच किलो होतात. बचत एक तृतीयांशच.

मग कार्बनला किंमत लावली तर? २०२३ साली अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट योजना उत्सर्जनाचं बंधन घालते ते कारखान्यांवर. पंपावरच्या पेट्रोलवर कार्बनचा दर नाही. समजा, कार्बन डायऑक्साइडच्या टनाला हजार रुपये लावले. लिटरमागे पडतील २ रुपये ३० पैसे, रिक्षाला दिवसाकाठी आठ रुपये. पेट्रोल आणि वीज यांच्या खर्चात आजच रोज अडीचशेहून जास्त फरक आहे. तरी गाडी बदलत नाही, कारण अडतं ते नव्या गाडीच्या हप्त्यावर आणि चार्जिंगच्या जागेवर. आठ रुपयांनी ते सुटणार नाही. मात्र हजार रिक्षांचे वर्षातल्या ३०० दिवसांचे २४ लाख होतात. ते तिजोरीत न जिरता रिक्षा स्टॉपवरच्या चार्जिंगला लागले पाहिजेत.

(दृश्य : दुपार. झाडाखाली चार्जिंगला लावलेली रिक्षा.)

एक ते चार. भाडी कमी, सौर वीज भरपूर. स्मार्ट मीटर असेल तर या सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी ठेवावा, असा केंद्राचा २०२३ चा नियम आहे. तीन किलोवॅटचा चार्जर तीन तासांत बॅटरी भरतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, बोर्डापासून वेगळी ओढलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) आणि पक्की अर्थिंग हवी. घरच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर, सैल सॉकेटमधून तीन तास १३ अँपिअर ओढले की आधी पिन तापते, मग प्लास्टिक वितळतं. शाहूपुरीत २०१९ आणि २०२१ ला पाणी जिथवर चढलं, त्या खुणेच्या वरच चार्जर बसवावा.

जोतिबाच्या डोंगरावर चार्जिंग केलं, तर ८० टक्क्यांवर थांबावं. उतारावर मोटर गाडीला अडवत वीज बनवते; पूर्ण भरलेली बॅटरी ती घेत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

(दृश्य : चार वाजलेत. चालक आधी स्विच बंद करतो, मग प्लग काढतो.)

हा क्रम चुकला की पिनेवर ठिणगी उडते, टोकं काळी पडतात आणि दुसऱ्या दिवशी तोच सॉकेट तापायला लागतो.