गाव जळालंच नव्हतं

(गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. पत्रकावर आजचा विषय ‘आभासी जग आणि आपण’ असा छापला आहे. त्यातलं ‘आपण’ मी थोडा वेळ बाजूला ठेवतो. जग खरं की खोटं हा प्रश्न स्वतःला लावला की आपण फार लवकर गंभीर होतो आणि दोन वाक्यांत अध्यात्मात शिरतो. त्यापेक्षा एक योद्धा घेऊ. काल्पनिक. जेवायला दहा हाका मारल्या तरी तुमच्या घरातली पोरं ज्या खेळातून उठत नाहीत, तसल्या एखाद्या खेळातला.

त्याची गोष्ट अशी. तो सात वर्षांचा असताना डोंगरापलीकडच्या टोळीनं त्याचं गाव जाळलं. आई त्यात गेली. त्या टोळीतला एकेक माणूस हुडकून मारायचा, हा त्याचा दिनक्रम, हाच धर्म. ‘तू कोण?’ असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे एवढंच उत्तर आहे: जळालेल्या गावातून वाचलेला. आणि एके दिवशी त्याला कळतं की हे सगळं जग कुणीतरी यंत्रावर चालवलेलं आहे. कसं कळतं ते सोडा, अशा कथांत एखादा म्हातारा भेटतोच.

पण त्याला नेमकं काय कळलं? लिहिणारे बहुतेक इथेच घाई करतात. आकाश फाटतं, डोंगरांचे आकडे होतात, योद्धा गुडघे टेकून ओरडतो, पडदा. मला हे पटत नाही. आकाश खोटं निघालं म्हणून लढवय्या माणूस कशाला कोसळेल? आकाशाशी त्याचं देणंघेणं ते किती! खेळ बनवणाऱ्यांची रीत अशी असते, की खेळणाऱ्याच्या नजरेत येईल तेवढंच यंत्र रंगवतं. पाठीमागचा डोंगर त्या क्षणी रंगवलेलाच नसतो. घर एकदाच तयार करतात आणि छपराचा रंग बदलून तेच शंभर ठिकाणी ठेवतात. वेळ वाचतो, यंत्राची ताकदही वाचते. हे समजल्यावर योद्ध्याला राग येईल, कदाचित हसू येईल. रात्री झोप मात्र लागेल.

झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. गाव जळालंच नव्हतं. जळताना दाखवणारा प्रसंगसुद्धा कुणी बनवलेला नाही. त्याच्या फाईलमध्ये पूर्वकथा म्हणून दोन ओळी आहेत: बालपणी गाव जाळलं गेलं, आई मृत. खेळ सुरू झाला तेव्हाच तो पंचवीस वर्षांचा होता, छातीवरच्या व्रणासकट. मधली अठरा वर्षं कुणी जगलेलंच नाही. धुराचा वास त्याला आठवतो, पण धूर कधी झालाच नाही.

बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1921 साली असं मांडलं होतं: हे जग पाच मिनिटांपूर्वी जसंच्या तसं निर्माण झालं आणि त्यातल्या सगळ्या माणसांना न घडलेला भूतकाळ आठवतो आहे, असं कुणी म्हणालं तर निव्वळ तर्कानं त्याला खोटं पाडता येत नाही. रसेलचा स्वतःचा त्यावर विश्वास होता असं नाही. आठवण आहे म्हणजे ती गोष्ट घडलीच असली पाहिजे असं तर्काच्या जोरावर म्हणता येत नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. वर्गात हे मजेदार कोडं आहे. पण न घडलेल्या गोष्टीच्या आठवणीपायी ज्यानं माणसं मारली, त्यानं या कोड्याकडे कसं बघायचं?

तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांच्या 2003 च्या निबंधाचा उल्लेख केला नाही तर तरुण मंडळी मला सोडायची नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं, तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असलीच पाहिजे. एक तर आपल्यासारख्या जमाती अशी जगं बनवण्याच्या टप्प्याला पोचण्याआधीच संपतात; किंवा त्या टप्प्याला पोचूनही त्या ती बनवत नाहीत; नाहीतर आपण स्वतःच बहुधा अशा एखाद्या बनवलेल्या जगात आहोत. युक्तिवाद चोख आहे. पण त्यात शक्यतांचा हिशेब आहे, माणूस नाही. आपल्या योद्ध्याला ‘बहुधा’ लागू नाही. त्यानं फाईल पाहिली आहे.

आता ओळखीकडे येऊ. पेडण्याची मंडळी इथे असतील तर त्यांना दशावतारी नाटकांबद्दल मी सांगायला नको. लिहिलेली संहिता नाही, कथानक ठरलेलं, बोलायचं ते रंगमंचावर उभं राहून सुचेल तसं. रात्रभर तलवार फिरवणारा राजा पहाटे रंग पुसतो आणि पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे काही उगाच म्हणत नाहीत. या नटालाही ठाऊक असतं की आपण मारलेला राक्षस मघाशी आपल्याच शेजारी बसून चहा पीत होता. तरी त्याला ओळखीचा प्रश्न पडत नाही. राजा उतरवला की खाली कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप शिल्लक असतो, शेत असतं, दुकानात उधारी असते. आपल्या योद्ध्याची अडचण अशी की सोंग उतरवलं तर खाली कुणीच नाही. त्याचं बोलणंही त्याचं नाही, ते आधीच लिहून ठेवलेलं. दशावतारातल्या संकासुराला, त्या थट्टेखोर राक्षसालासुद्धा, त्याच्यापेक्षा जास्त मोकळीक आहे.

मग त्यानं काय करावं? एक उत्तर आपल्याकडे तयार आहे आणि ते फार मोठ्या ठिकाणाहून आलेलं आहे, म्हणून जपून बोलतो. कुरुक्षेत्रावर अर्जुन धनुष्य टाकून बसला तेव्हा त्याला सांगितलं गेलं की मारणाराही नाही आणि मरणाराही नाही. त्यावर ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये स्वप्नाचा दृष्टांत दिला आणि लगेच पुढे म्हणाले, ‘शस्त्रें हाणितलिया छाया । जैसी आंगीं न रुपे ॥’ सावलीवर वार केला तर तो अंगात रुतत नाही. मराठीत योद्ध्याला जगाच्या आभासाबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पण हे कुणाला सांगितलं आणि केव्हा, ते बघा. अर्जुनानं अजून बाण सोडलेला नाही. त्याला सूड नको आहे. उलट समोरच्यांची माया आल्यामुळेच तो बसला आहे. आपला योद्धा त्याच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे. त्याचे हात आधीच माखलेले आहेत. त्याला ‘ही सगळी सावली आहे’ असं सांगितलं तर तो दोन गोष्टी करू शकतो. सुटकेचा श्वास टाकील, किंवा उरलेल्या टोळीलाही निवांतपणे कापून काढील. सावल्याच तर आहेत! ज्ञान तेच, पण लढाईच्या आधी मिळालं तर धीर देतं आणि नंतर मिळालं तर फार स्वस्तात माफी देतं. ही माफी त्याला मिळू नये असं मला वाटतं.

म्हणून मला योगवासिष्ठ या जुन्या संस्कृत ग्रंथातला लवण राजा जवळचा वाटतो. तो हरिश्चंद्राच्या कुळातला. दरबारात एक गारुडी येतो आणि मोरपिसांचा कुंचा फिरवतो. राजासमोर एक घोडा उभा राहतो. राजा सिंहासनावरच डोळे लावून दोन मुहूर्त निश्चल बसतो आणि भानावर येतो तेव्हा थरथरत असतो. सांगतो, की मी त्या घोड्यावर बसलो, त्यानं मला रानात नेलं, वेलीला लोंबकळून मी सुटलो. भुकेनं जीव जायची वेळ आली तेव्हा बापासाठी भात घेऊन चाललेली एक मुलगी भेटली. लग्न करशील तर घास देते, म्हणाली. मी चांडाळांच्या वस्तीत साठ वर्षं राहिलो, मुलं झाली. मग दुष्काळ पडला. धाकट्यानं मांस मागितलं. माझंच खा, म्हणून मी चिता रचली, आत शिरलो आणि इथे जागा झालो.

जाता जाता एक बोलतो. या कथेत राजाला भूक भोगावी लागते, मुलं उपाशी मरताना पाहावी लागतात, पण सांगणाऱ्याचा सूर ऐकला तर राजाची जात गेली याचीच धास्ती त्याला जास्त वाटते. वाचताना हे खटकतं, खटकायलाच हवं. एखाद्याची ओळख हिरावली असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय हिरावलं, हे त्या धास्तीवरून बरंच कळतं.

तर, दरबारात सगळे ‘वा, काय माया!’ म्हणत असताना लवण काय करतो? दुसऱ्या दिवशी मंत्र्यांना घेऊन निघतो आणि विंध्याच्या रानात ती वस्ती हुडकतो. वस्ती सापडते! दुष्काळानं होरपळलेली झाडं तीच. आणि एक म्हातारी मुलीसाठी, जावयासाठी, नातवंडांसाठी रडत बसलेली. ती त्याची सासू. तो तिचं सगळं ऐकून घेतो, तिला सावरतो, आणि मगच परततो. पुढे ही कथा सांगणारे वसिष्ठ याचा उलगडा करतात, की लवणाच्या मनातलं त्या वस्तीच्या मनात उतरलं असेल, नाहीतर वस्तीचं लवणाच्या. पंडितांना त्यात रस आहे. मला रस आहे तो राजा घोड्यावर बसून निघाला यात. मला जे भोगल्यासारखं वाटलं ते कुणी खरंच भोगलं का, हे त्यानं जाऊन पाहिलं.

फोंड्यात बसून हे बोलताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. मर्दोळ, मंगेशी, कवळे ही सगळी आपल्या आसपासची देवस्थानं. म्हाळसा वेर्ण्याहून आली, मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून जुवारी नदीपलीकडे आणले, कारण हा भाग तेव्हा आदिलशाहीत होता. इथल्या कुणीही ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आपल्यालाही ही आठवण योद्ध्याच्या पूर्वकथेतल्या दोन ओळींसारखीच मिळाली आहे, आजीकडून, पुजाऱ्याकडून, शाळेतल्या बाईंकडून. फरक इतकाच की इथे तपासायला जागा आहेत, कागद आहेत, वेर्ण्याला जाता येतं. आठवण खरी निघते. पण खरी निघाली तरी पुढचा प्रश्न उरतोच, की त्या आठवणीच्या जोरावर आज समोरच्या माणसाकडे बोट दाखवायचं का? वेर्ण्यात आज राहणाऱ्याच्या फाईलमध्ये ते पाप लिहिलेलं नाही. मला कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. वाद घालायचा असेल त्यांनी नंतर चहाला थांबावं.

योद्ध्याकडे परत येतो. गाव जळालं नव्हतं, म्हणजे ते जाळणाराही कुणी नव्हता. जग खोटं निघाल्याचा पहिला परिणाम हा, आणि तो आकाशावर होत नाही, शत्रूवर होतो. शत्रू निर्दोष सुटतो. ज्यांना त्यानं मारलं ते सगळे निरपराध होते. आता तुम्ही म्हणाल, अहो, तेही आकडेच होते ना? असतील. पण मग हाही आकडाच आहे, आणि याला दुखतं. याचं दुखणं खरं धरायचं आणि त्यांचं नाही, असा हिशेब मांडायला यानं आधार कुठून आणायचा? दोघे एकाच यंत्रात, एकाच हातानं लिहिलेले. जग एक पायरी खाली उतरलं तर सगळेच एक पायरी खाली उतरले. एकमेकांशी त्यांचं अंतर होतं तेवढंच राहिलं. देणं होतं तेवढंच राहिलं.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड आहेत, काहींवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. वीरगळाची रचना सहसा ठरलेली असते. खाली युद्ध, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून. एकाच दगडात तीन जगं, आणि तळातल्या जगातून वीर सुखरूप वर चढतो. त्याच्या हातून मेलेले मात्र खालच्याच चौकटीत पडून राहतात, त्यांना वर न्यायला कुणी येत नाही. कोरणाऱ्याला दोष देत नाही, ज्यानं पैसे दिले त्याचाच वीर त्यानं कोरला. पण आपण गोष्ट नव्यानं लिहिणार असू, तर योद्ध्याला वरच्या चौकटीत पळून जाऊ देऊ नये.

मागे बसलेल्या मुलांपैकी काही जण नाट्यस्पर्धेसाठी हाच विषय घेत आहेत, असं मघाशी कानावर आलं. त्यांच्यासाठी माझा तिसरा अंक सांगून टाकतो, आवडला तर घ्या. योद्धा तलवार न टाकता डोंगर ओलांडतो. तलवार टाकली तर प्रेक्षकाला लगेच बरं वाटतं, आणि ते इतक्यात नको. टोळीचा म्होरक्या त्याला पाहून शस्त्र उपसतो. योद्धा विचारतो, तुझ्यासाठी काय लिहिलंय? म्होरक्या सांगतो: बालपणी गाव जाळलं गेलं, आई मृत. कुणी जाळलं? तुमच्या लोकांनी. मग दोघे बसून आपापलं गाव आठवू लागतात. विहीर कुठे होती, पार कुठे होता, आईचं दार कुठल्या दिशेला उघडायचं. आणि हळूहळू लक्षात येतं की नकाशा एकच आहे. लिहिणाऱ्यानं कंटाळा करून एकच गाव दोघांना चिकटवलं, फक्त छपरांचा रंग बदलला.

पुढे ते भांडतील की रडतील, ते मी ठरवलेलं नाही. तालमीत बघा. दशावतारी नटांसारखं, उभं राहिल्यावर काय सुचतं ते. कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, अजून वेळ आहे.