अंगठ्यातली आग: गाऊट आणि पेशीतला एक रखवालदार

(दृश्य: मंद उजेडातली खोली. पलंगावर उघडा पाय. अंगठ्याचा सांधा लालबुंद, त्यावरची कातडी ताणून चकाकणारी.)

रात्रीचे दोन वाजलेत. झोपताना पाय धड होता. आता अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागलाय की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. पाय मुरगळलेला नाही, जखम नाही, कुठे काही लागलेलंही नाही. हा गाऊट. आयुर्वेदातलं वातरक्ताचं वर्णन याच्याशी बरंचसं जुळतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर सांध्यातल्या पाण्याचा एक थेंब.)

सुईने काढलेलं हे पाणी ध्रुवित प्रकाशात पाहू. निरोगी सांध्याच्या पाण्यात दर घन मिलिमीटरला 200 पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. इथे त्या हजारोंनी आहेत. त्यांच्यामध्ये बारीक, टोकदार स्फटिक दिसतात. सूक्ष्मदर्शकातल्या ठरावीक अक्षाला समांतर असलेला पिवळा, आडवा असलेला निळा. काचपट्टी फिरवली की रंग बदलतात. आणि हा एक नीट बघा: पेशीच्या आरपार गेलाय, गोधडीत विसरलेल्या सुईसारखा.

हे मोनोसोडियम युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचं मीठ. 37 अंश सेल्सिअसला ते डेसिलिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेलं राहतं, 30 अंशाला जेमतेम 4.5. हृदयापासून लांब असलेला पायाचा अंगठा शरीराच्या गाभ्यापेक्षा गार असतो. पहिला झटका बहुतेकदा तिथेच येतो, त्यामागे हेही एक कारण.

1961 साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक ओळखले. पुढच्याच वर्षी फेअर्स आणि मॅकार्टी यांनी ते स्वतःच्या गुडघ्यात टोचून घेतले आणि काही तासांत गुडघे सुजले. स्फटिकच कारणीभूत, हे ठरलं. पण एक गोष्ट उलगडत नव्हती. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही स्फटिक सांध्यात असतातच, आणि माणूस खुशाल जिने चढत असतो. मग आग लागते कुठून?

(दृश्य: ॲनिमेशन. मॅक्रोफेज पेशी.)

आग लावते आपलीच पेशी. ही मॅक्रोफेज, परकं ते गिळणारी रक्षक पेशी. तिच्याकडे जन्मतःच मिळालेले रिसेप्टर, म्हणजे खुणा ओळखणारी प्रथिनं असतात. एकेका जंतूची ओळख ते शिकून घेत नाहीत. मोजक्या ठरावीक खुणा ओळखतात. पेशीच्या पडद्यावरचे टोल-लाइक रिसेप्टर बाहेरच्या खुणा पाहतात. आपला रखवालदार, एनएलआरपी-3 हे प्रथिन, पेशीच्या आत असतो. तो जंतू शोधत बसत नाही, घरात मोडतोड झाली का एवढंच पाहतो.

झटक्याला दोन इशारे लागतात. पहिला टोल-लाइक रिसेप्टरकडून. तो मिळाला की एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-1 बीटाचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या निरोपाचा, कच्चा माल तयार होऊ लागतो. प्रयोगशाळेत असं दिसलं की नुसत्या स्फटिकाने हे होत नाही, पण सोबत मेदाम्लं दिली की होतं. दणकून जेवण झालं आणि रात्री अंगठा पेटला, या तक्रारीमागे हे असू शकतं.

दुसरा इशारा स्फटिकाचा. मॅक्रोफेज तो गिळते, आतली पचनाची पिशवी फाटते, पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पोटॅशियम उतरलं की एनएलआरपी-3 जागा होतो. एएससी नावाचं प्रथिन त्याच्याभोवती गोळा होऊन जवळपास एक मायक्रॉनचा ठिपका बनतो. हा इन्फ्लमासोम. त्यावर कॅस्पेस-1 ही कात्री बसते आणि 31 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) भरणारा कच्चा माल कापून 17 चा तयार माल करते. हीच कात्री गॅसडर्मिन-डी कापते, त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात आणि माल बाहेर पडतो. रक्तवाहिन्या सैल होतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लोटतात.

2006 साली लोझानमधल्या युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. ज्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये या यंत्रणेचे भागच नव्हते, त्या पेशी स्फटिक देऊनही जवळजवळ थंड राहिल्या.

(दृश्य: तोच पाय, दहा दिवसांनी. सूज ओसरलेली.)

एक-दोन आठवड्यांत झटका आपोआप ओसरतो. न्यूट्रोफिल आपल्या डीएनएची जाळी फेकतात, जाळ्यांचे गोळे बनतात आणि त्यांत दाहाचे निरोप पचून जातात. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे तेल चोळलं त्याला मिळतं. स्फटिक तिथेच असतात.

म्हणून उपचाराची कामं दोन. पहिलं, आग विझवणं. कोल्चिसिन हे दाह शमवणारं औषध लवकर, शक्यतो पहिल्या 12 तासांत: 1 मिलिग्रॅम, तासाभराने 0.5. जास्त घेतल्याने गुण वाढत नाही, जुलाब वाढतात. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर हेच औषध जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असतं. तिथे मात्रा मोजायची सोय नाही, म्हणून कंद चाखणं म्हणजे विषाशी खेळ.

दुसरं काम, स्फटिक विरघळवणं. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल रोज 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करून वाढवत न्यायचं, रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरमागे 6 मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत. घोळ इथेच होतो. साठे विरघळताना स्फटिक सुटे होतात, नवा झटका येतो, आणि रुग्ण “औषध बाधलं” म्हणून गोळी सोडतो. ते टाळायला पहिले तीन ते सहा महिने कमी मात्रेत कोल्चिसिन सोबत देतात. ऐन झटक्यात केलेली रक्ततपासणीही फसवते. तेव्हा युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. डाळ आणि पालक बंद करण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, पण भाज्या-डाळींतल्या प्युरिनने (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) गाऊट वाढल्याचं दिसलेलं नाही. बिअर, कलेजी आणि गोड शीतपेयं, दोषी आहेत ती ही.

(दृश्य: दगडाची धूळ. मग धमनीचा आडवा छेद.)

एनएलआरपी-3 ला युरेटचंच वावडं आहे असं नाही. दगडाच्या धुळीतली सिलिका, ॲस्बेस्टॉस, धमनीतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक, सगळे त्याला तसेच जागे करतात. 2017 साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध होतं इंटरल्युकिन-1 बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब, 150 मिलिग्रॅम दर तीन महिन्यांनी. हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू मिळून 15 टक्के घटले. त्याच रुग्णांत गाऊटचे झटके निम्म्याहून खाली आले, आणि युरिक ॲसिड होतं तिथेच राहिलं. मात्र जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या औषध घेणाऱ्या गटात जास्त निघाली.