दिमोनातलं वालाचं बिरडं

श्रोतेहो, नमस्कार.

घर सोडून लांब गेलेल्यांचं घर नेमकं कुठे असतं, यावर आज बोलायचंय. आणि बोलायचंय ते कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाबद्दल. पेणकर, किहीमकर, रोहेकर ही यांची आडनावं. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावात यांना शनवार तेली म्हणत. १९४८ साली इस्रायल झालं आणि पुढे यांची हजारो माणसं तिकडे गेली.

नेगेवच्या वाळवंटात दिमोना नावाचं गाव आहे. तिथे अलिबागच्या इस्रायल आळीतून गेलेल्या एका आजींकडे मी उतरले होते. दिवस बिरड्याच्या सणाचे. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्या दुःखाचा हा उपास. आपल्या कोकणात तो सोडायचा बिरडं खाऊन, म्हणून सणाचं नावच बिरड्याचा सण.

आजींनी कडवे वाल भिजवून फडक्यात बांधले होते. वालांना मोड कसे आणायचे, ते तुम्हाला सांगायला नको. पण तिथली हवा इतकी कोरडी, की फडकं तासाभरात खडखडीत होतं. आजी रात्री उठून त्यावर पाणी शिंपडत होत्या. सकाळी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन आम्ही सोलायला बसलो. मी दोन बोटांत दाबला की वालाची डाळिंबी फुटायची, त्यांची अख्खी निसटायची. म्हणाल्या, “अगं, घाई नको करूस. कुलाबा जिल्ह्यातली ना तू?”

कुलाबा जिल्हा! त्याचा रायगड झाला १९८१ साली. आजी त्याच्या कितीतरी आधी निघालेल्या. त्यांच्या अलिबागेत अजून कुलाबा जिल्हाच होता.

तेवढ्यात नातू आला. तिथेच जन्मलेला, सैन्यात नोकरी, मराठी मोडकंतोडकं. त्याने पातेल्यात डोकावून विचारलं, “वाल अलिबागचे?” आजी म्हणाल्या, “नाही रे, संपले. इथल्या दुकानातले.” त्याचा चेहराच उतरला. अलिबाग कधी न पाहिलेल्या मुलाचा!

(सोललेल्या वालांची तयार पाकिटं घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : घरी सोला. पाकिटातल्या वालाला तो उग्र वास राहत नाही, आणि सोलताना होणाऱ्या गप्पा तर जातातच.)

लक्षात घ्या, श्रोतेहो. अलिबागेत असताना हे बिरडं जेरुसलेमच्या आठवणीचं होतं. जेरुसलेमच्या देशात गेल्यावर तेच बिरडं अलिबागच्या आठवणीचं झालं. सण तोच, वाल तेच, घर मात्र दुसरीकडे सरकलं. इथे आळीचं नाव इस्रायल, आणि तिथे शेजारी यांना भारतीय म्हणायचे. लग्नांच्या वेळी तिथल्या धर्मपीठाने तर यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. मोठं आंदोलन झालं, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने हे पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्या घराची पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, त्या घरात आपलेपणा मागावा लागला. याचं मला फार वाईट वाटतं.

निघताना आजींनी मला एकच काम सांगितलं. अलिबागच्या बाजारातून कडवे वाल पाठवायचे, जुने नकोत, यंदाचे हवेत. ते मी पाठवले. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल, तर बॅगेत किलोभर वालांना जागा ठेवा. आणि अलिबागला गेलात, तर समुद्रावर जाण्याआधी इस्रायल आळीतल्या सिनेगॉगपर्यंत जरूर जाऊन या. नमस्कार.