मळ निघाला, करडेपण राहिलं

(भिंगातून चांदीचं जुनं नाणं, अगदी जवळून)

दहापट भिंग. अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेला हा तपकिरी थर म्हणजे माती, धूळ आणि हातांचं तेल. मोकळ्या जागेवरची करडी-काळी छटा मात्र मळ नाही. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर धरलेला तो सल्फाइडचा थर, म्हणजे नाण्याचीच चांदी. काढायचा आहे तो फक्त पहिला.

नाणं दोन बोटांत, कडेला धरायचं. खाली कापडाची जाड घडी हवीच. ओलं नाणं निसटतं.

(काचेचं भांडं)

डिस्टिल्ड वॉटर, नाणं बुडेल इतकं. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर डाग ठेवतात. भांड्यात एका वेळी एकच नाणं, म्हणजे एकमेकांवर घासणार नाहीत. हे पहिल्या दिवसाचं पाणी. हे तिसऱ्या. गढूळलं की बदलायचं. माती घट्ट असेल तर आठवडाही जातो. कंटाळून ब्रशकडे हात जातो, तिथेच घोटाळा होतो. ब्रश मऊ असेलही, पण मातीतली वाळू चांदीपेक्षा कितीतरी कठीण. ओरखडा ती काढते.

(दुसरं भांडं, उघडी खिडकी)

तेल, चिकटपट्टीचा गोंद, पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटातून उतरलेला हा हिरवा चिकटा, हे पाण्याला दाद देत नाहीत. त्यासाठी शुद्ध अॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल, रंग आणि वास मिसळलेले असतात. भांडं इथेही काचेचंच, कारण काही प्लास्टिक अॅसिटोनमध्ये विरघळतं. जवळपास ज्योत नको, वाफ चटकन पेटते. पाच-दहा मिनिटांनी नाणं ताज्या अॅसिटोनमध्ये एकदा बुडवून काढायचं. हे टाळलं तर विरघळलेलं तेल वाळताना परत नाण्यावरच बसतं. अॅसिटोन चांदीला अपाय करत नाही. काळपटपणाही काढत नाही, आणि ते बरंच आहे.

उरलेल्या कणासाठी पाण्यात भिजवून मऊ केलेली लाकडी काडी. टोकाने उचलायचा, ओढायचा नाही. नाही सुटला तर राहू द्यावा.

(शेजारी पांढरंफटक नाणं, दिव्याखाली फिरताना)

हे सिल्व्हर डिपमधलं, म्हणजे चांदी उजळवणाऱ्या तयार द्रावणात बुडवलेलं. त्यातलं आम्ल आणि थायोयुरिया हे रसायन सल्फाइड विरघळवतात, आणि त्या थरात अडकलेली चांदीही जाते. नाणं पाडताना धातू पसरून उमटलेल्या सूक्ष्म रेषा पुन्हा पुन्हा बुडवल्यावर झिजतात. नाणं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा सरकतो, तो त्या रेषांमुळे. इथे तो सरकत नाही. टूथपेस्टने घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. अशा नाण्यांना संग्राहक कमी किंमत देतात.

(वाळवण)

तंतू न सोडणाऱ्या कापडात दाबून टिपायचं, पुसायचं नाही. अक्षरांच्या खाचांत ओल सगळ्यात उशिरा सुकते, म्हणून पाकिटात घालण्याआधी काही तास उघड्यावर ठेवायचं. पाकीट पीव्हीसी नसलेलं.

(भांड्याच्या तळाशी बसलेली माती, बाजूला नाणं, आधी होतं तितकंच करडं)