मुलग्यांनाही द्यायची लस

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जननेंद्रियावर येणाऱ्या चामखिळींबद्दल. अशा शंभर चामखिळींपैकी सुमारे नव्वद एचपीव्ही विषाणूच्या फक्त दोन प्रकारांमुळे येतात. 6 आणि 11. हे आकडे ध्यानात ठेवा, 6 आणि 11.

आता ऑस्ट्रेलियाची हकीकत ऐका. तिथे 2007 मध्ये शाळाशाळांतून या विषाणूवरची लस द्यायला सुरुवात झाली, पण फक्त मुलींना. त्या वर्षी लैंगिक आरोग्य केंद्रांत पहिल्यांदा आलेल्या, 21 वर्षांखालच्या मुलींपैकी 11.5 टक्के जणींना चामखिळी होत्या. 2011 मध्ये किती? 0.85 टक्के! चार वर्षांत एक टक्क्याच्याही खाली. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच वयाच्या मुलग्यांना सुईचा स्पर्शही झाला नव्हता, तरी त्यांच्यातलं प्रमाण 12.1 वरून 2.2 टक्क्यांवर आलं. मैत्रिणीकडे विषाणूच नाही, तर तो मुलाकडे येणार कुठून? पण ज्या पुरुषांचे संबंध पुरुषांशीच होते, त्यांच्यात काहीच घट झाली नाही. मुलींच्या लसीची सावली त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. 2013 पासून तिथे मुलग्यांनाही लस मिळू लागली.

आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी सर्व्हाव्हॅक 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर चालते; यातले 16 आणि 18 हे कर्करोग करणारे. 9 ते 26 वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. चौदाव्या वर्षापर्यंत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा वर्षांपासून पुढे तीन, म्हणजे पहिला, मग पहिल्यापासून दोन महिन्यांनी दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ‘कर्करोगाची लस’ म्हणून मुलग्यांचे आईवडील तिच्याकडे बघतही नाहीत, याचं फार वाईट वाटतं. आणि एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिराती नगरपालिकांनी चुना मारून पुसाव्यात. त्या शब्दाच्या लाजेनेच माणूस दवाखान्याऐवजी भोंदूकडे जातो.

लस आलेली चामखीळ घालवत नाही. पुन्हा सांगते, आलेली चामखीळ लसीने जात नाही. त्यासाठी वरून लावायचं औषध पोडोफायलोटॉक्सिन 0.5 टक्के: तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग चार दिवस सुट्टी, अशा जास्तीत जास्त चार फेऱ्या. औषध फक्त चामखिळीवर लावा, वाळू द्या, मगच कपडे घाला. किंवा इमिक्विमॉड मलम: आठवड्यातून तीन रात्री, एकाआड एक, सकाळी साबणाने धुवायचं, सोळा आठवड्यांपर्यंत. या मलमाने निरोध कमजोर होतो, तेव्हा ते अंगावर असताना संबंध टाळा. गरोदर बाईने यातलं काही स्वतःहून लावू नये. तिच्यासाठी डॉक्टर थंड नायट्रोजनने गोठवतात किंवा ॲसिडचा ठिपका देतात.

कुरूपाची पट्टी, चुना-सोडा, घोड्याचा केस इथे नको. ही कातडी पातळ, दुसऱ्या दिवशी जखम होते. चामखिळी गेल्यावरही पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळदा परत येतात. औषध फुकट गेलं असं समजून सोडू नका, पुन्हा दाखवा. आणि गाठ चपटी, ओलसर असेल तर ती सिफिलिस या संबंधांतून पसरणाऱ्या रोगाचीही असू शकते, म्हणून औषध लावण्याआधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची, आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घ्या.