समुद्रात लोखंड कुणाला लागू होतं?

[दृश्य: तासगाव तालुका, द्राक्षबाग, पिवळी पडलेली पानं जवळून]

तासगावकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला हे पान दाखवा, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, तो लगेच सांगेल की फेरस कमी पडलंय. आणि हेही सांगेल की जमिनीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे, पण जमीन चुनखडीची, पीएच आठच्या वर, त्यामुळं ते तिथंच अडकून बसतं, वेलीला लागू होत नाही, मग ड्रीपमधनं चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं, फेरस सोडायचं. समुद्राच्या पाण्याचा पीएचसुद्धा आठच्या आसपासच असतो, आणि तिथंही लोखंड विरघळलेलं राहत नाही, गंजून खाली बसतं. जे थोडंफार टिकतं ते पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, म्हणजे चिलेशन तिथंही आहेच, फक्त ते कुणी पिशवीत भरून विकत नाही.

[दृश्य: हरिपूर, कृष्णा-वारणा संगम, पाण्यातले दगड]

हे लोखंड ज्यांना हवं असतं ते डायटम. एका पेशीचे, काचेसारख्या सिलिकाच्या कवचातले जीव, आपल्या नदीतल्या दगडांवरच्या तपकिरी बुळबुळीत थरातही असतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला साधारण पाचवा हिस्सा डायटमचा धरतात. इतकं मोठं काम, आणि ते अडतं कशावर, तर अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराच्या वरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लिटरमागं जेमतेम १० नॅनोग्रॅम लोखंड असतं त्यावर. एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग!

हे मोजणंच मुळात किती अवघड होतं बघा. जहाज लोखंडाचं, केबल लोखंडाची, सगळीकडं गंज, त्यामुळं जुन्या मोजमापात समुद्रापेक्षा जहाजाचंच लोखंड जास्त यायचं. कॅलिफोर्नियातले जॉन मार्टिन आणि त्यांचे सहकारी अतिशय स्वच्छ पद्धतीनं पाणी काढायला लागले तेव्हा कुठं खरा आकडा दिसला, आणि मार्टिन म्हणाले की तिथं नायट्रेट, फॉस्फेट पडून आहे तरी पाणी ओसाड आहे कारण लोखंड नाही. १९९३ मध्ये पॅसिफिकमध्ये प्रत्यक्ष लोखंड टाकून बघितलं गेलं, पण त्याच्या काही महिने आधीच मार्टिन गेले. मला हे फार लागतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या आकाराचे डायटम]

पण खरी गंमत पुढं आहे. लोखंड कमी पडलं की सगळे डायटम सारखेच उपाशी मरतात असं नाही, कोण टिकणार हे धातू ठरवतात. थॅलॅसिओसिरा ओशनिका नावाचा, किनाऱ्यापासून लांब खुल्या समुद्रातला डायटम प्रकाशसंश्लेषणातल्या एका टप्प्यावर लोखंडाच्या प्रथिनाऐवजी तांब्याचं प्रथिन वापरतो, लोखंडाची तेवढी बचत, पण मग तांबं लागतं. स्यूडोनित्झशियासारखे लांबट डायटम मिळेल तेव्हा लोखंड फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवून ठेवतात आणि पुरवठा थांबल्यावरही काही काळ वाढत राहतात. आणि जस्त घ्या, आपण त्याला झिंक म्हणतो, ते पाण्यातला कार्बन वापरण्यासाठीच्या एन्झाइमला लागतं, पण थॅलॅसिओसिरा वाइसफ्लोगी जस्त नसेल तर कोबाल्टवर भागवतो आणि चक्क कॅडमियमसुद्धा वापरतो, जे आपण विष म्हणूनच ओळखतो.

शिवाय लोखंडाला मुकलेले डायटम नायट्रेटच्या मानानं सिलिका जास्त ओढतात, कवच जाड होतं, जड होतं, ते खाली बुडतं आणि वरच्या पाण्यातली सिलिका संपत जाते. म्हणजे एक धातू कमी पडला आणि हिशोब बिघडला दुसऱ्याच गोष्टीचा.

[दृश्य: दक्षिण महासागराचा नकाशा, पोलारस्टर्न जहाज]

२००९ मध्ये हे आपल्या लोकांनी स्वतः पाहिलं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, दोघांचा मिळून लोहाफेक्स प्रयोग, दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात फेरस सल्फेट सोडलं. शेवाळ वाढलं, पण डायटम नाही, कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपलेली होती. वाढले ते बारीक जीव, त्यांना कोपेपॉड नावाच्या कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक प्राण्यांनी खाल्लं, कोपेपॉडना त्याच कुळातल्या मोठ्या ॲम्फिपॉडनी, आणि प्रकाशसंश्लेषणात शोषलेला कार्बन खोल समुद्रात जाऊन अडकायचा तो फारसा गेलाच नाही. याउलट २००४ च्या आयफेक्स प्रयोगात सिलिका होती, डायटम फोफावले आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग १००० मीटरच्या खाली गेला. माझं म्हणाल तर लोखंड टाका आणि हवामान सुधारा म्हणणाऱ्यांनी आधी हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचावेत. २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉल या समुद्रात कचरा टाकण्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती मंजूर झाली, तिच्यात समुद्रात असं लोखंडाचं खत घालायला फक्त तपासून, संशोधनापुरतीच वाट ठेवली आहे, आणि ते मला बरोबर वाटतं.

[दृश्य: अरबी समुद्र, उपग्रहचित्र, जून ते सप्टेंबर]

आणि हे सगळं दक्षिण ध्रुवाकडचंच आहे असंही नाही. ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांनी आपल्याकडं पाऊस येतो तेच वारे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल पाणी वर आणतात, त्यात नायट्रेट भरपूर असतं. आजूबाजूला वाळवंट, धूळ उडतेय, म्हणजे लोखंड असणारच असं कुणालाही वाटेल. तरीही पश्चिम अरबी समुद्राच्या काही भागात मोसमात नायट्रेट न वापरता तसंच पडून राहिलेलं आढळलं, आणि अभ्यासकांनी बोट ठेवलं ते लोखंडाच्या कमतरतेवरच.